हात घालण्याआधी

रॅटलस्नेकचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो फोनवर. मला वाटलं, लाइन खराब झाली.

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला येऊन तेव्हा मला तीन वर्षं झाली होती आणि विषबाधेच्या हेल्पलाइनवर बसायला लागून जेमतेम चार महिने. अमेरिकेत कुठूनही १-८००-२२२-१२२२ हा नंबर लावला की तो त्या त्या भागाच्या विष-माहिती केंद्रात जातो. फोन उचलणारे आम्ही म्हणजे फार्मासिस्ट नाहीतर नर्स. पोराने फरशी पुसायचं औषध तोंडाला लावलं, आजोबांनी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली, कुणी रानातली अळंबी खाल्ली, दिवसभर हेच. उन्हाळा लागला की विंचू. प्रशिक्षणात विंचवाच्या धड्याला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं प्राझोसिनवरचं काम निघालं, तेव्हा मी वर्गात उगाचच ताठ बसले होते, जणू महाडचा रस्ता मीच बांधलाय. आणि मार्च ते ऑक्टोबर, साप.

तो एप्रिलमधला शनिवार होता, संध्याकाळी सातचा सुमार. फोनवर साठीतले गृहस्थ. मागच्या अंगणात नळ सोडायला गेलेल्या बायकोच्या घोट्याला साप चावला होता. तिला घरात आणून खुर्चीत बसवलं होतं, ९११ला फोन झाला होता, अ‍ॅम्ब्युलन्स वाटेत होती. म्हणजे त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. चुकले मी. माझ्यासमोर स्क्रीनवर फॉर्म होता आणि त्यात एक रकाना होता, सापाची जात. नवी नोकरी, रकाना रिकामा ठेवायला हात धजेना. मी विचारलं, "कसा होता दिसायला? शेपटीवर पट्टे होते का?"

"थांबा, बघून सांगतो," म्हणत त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

मी "नको, नको" म्हणाले ते त्या टेबलाने ऐकलं असेल. जाळीच्या दाराची स्प्रिंग कुरकुरली. खडीवर बुटांची करकर. मग घर्र्र असा एकसुरी आवाज, जुन्या रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यासारखा. मी हेडफोनची वायर हलवून पाहिली. तेवढ्यात तो आवाज एकदम चढला, बाई ओरडल्या, आणि मला कळलं की वायरचा काही दोष नाही.

गृहस्थ परत आले ते धापा टाकत. पोटरीवर जीन्सला दोन ओले ठिपके उठले होते, पिवळसर. दात कापडातच अडकले, कातडीपर्यंत पोचले नाहीत. जाड डेनिम अशा वेळी बरंच विष अडवतं हे मी पुढे वाचलं. त्या क्षणी माझे तळहात गार पडले होते. आणि ते मला सांगत होते, थोड्या अभिमानानेच, "होते हो पट्टे. काळे-पांढरे, सारख्या रुंदीचे."

मी लिहून घेतलं. रकाना भरला. त्यांच्या बायकोला हॉस्पिटलात जे औषध दिलं, ते पट्टे असते किंवा नसते तरी तेच दिलं असतं.

शिफ्ट संपल्यावर आमच्या प्रमुख बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. रागावल्या नाहीत. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "फॉर्म भरायला माणूस पाठवायचा नाही."

त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला. साप आत्ता कुठे आहे आणि तुम्ही कुठे आहात? जात नंतर. न कळली तरी चालते.

हे मला दुसऱ्या कुणी शिकवावं लागलं, याची लाज वाटते ती वेगळ्या कारणाने. मी मूळची देवरुखकडची. आमच्या घरामागे जांभ्याचा गडगा आणि त्यापलीकडे सडा. दगड उचलला की खाली फुरसं असायचंच असं नाही, पण आहे असं धरूनच दगड उचलायचा. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावलं होतं, आणि १८६२च्या डिसेंबरात आठ दिवसांत लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली. तरी माझ्या लहानपणी गडग्यात फुरशी होतीच. ते वीतभर जनावर वेटोळ्यावर वेटोळं घासून करवतीसारखा आवाज काढतं. रॅटलस्नेक शेपटी वाजवतो, फुरसं अंग वाजवतं. निरोप एकच, इकडे येऊ नकोस. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही. साप म्हणायचं नाही, नाग म्हणायचं नाही. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. आमच्या फॉर्मवरचा रकाना आजीला दाखवला असता तर तिने तो पाटीवरच्या चुकलेल्या गणितासारखा पुसून टाकला असता.

१९९६ साली, मी नववीत असताना, आमच्याकडे भाताच्या कापणीला येणाऱ्या काकांना पेंढीत हात घालताना फुरसं चावलं. आधी उताऱ्याला नेलं. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा माझ्या वडिलांनी जीप आणली. मारलेलं फुरसं कुणीतरी डालड्याच्या डब्यात घालून बरोबर दिलं, डॉक्टरांना दाखवायला. मी मागच्या सीटवर तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. झाकण सुतळीने बांधलेलं. दर खड्ड्याला आत काहीतरी इकडून तिकडे सरकायचं.

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलंही नाही. काकांच्या दंडातून थोडं रक्त काढून एका स्वच्छ काचेच्या नळीत घातलं, नळी लाकडी स्टँडमध्ये उभी केली आणि म्हणाले, "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. निरोगी रक्ताची तोवर गाठ धरलेली असते. मग घोड्यांपासून बनवलेलं प्रतिविष सलाइनमधून सुरू झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. काका वाचले. डबा आम्ही परतीच्या वाटेवर नदीच्या पुलावरून खाली टाकला.

म्हणजे उत्तर मला चौदाव्या वर्षीच मिळालं होतं. काय चावलं, यापेक्षा अंगात काय चाललंय ते बघायचं. पुढे कराडला फार्मसी केली, इथे येऊन परीक्षा दिल्या, आणि स्क्रीनवरचा एक रकाना दिसताच सगळं विसरले.

तरीही लोकांना नाव हवंच असतं. का, ते मला समजतं. नाव कळलं की भीतीला मूठ येते, धरता येते. अ‍ॅरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत आणि इथला माणूस त्यांतल्या दोनांवरून तावातावाने वाद घालतो, डायमंडबॅक की मोहावी. मोहावीच्या विषात बऱ्याच ठिकाणी मज्जातंतूंवर जाणारा अंश असतो म्हणून त्याचा दरारा. डायमंडबॅकच्या शेपटीवर काळे-पांढरे पट्टे साधारण सारखे, मोहावीचे पांढरे जास्त रुंद. मोहावीच्या डोळ्यामागची पांढरी रेघ जबड्याच्या कोपऱ्याच्या मागून जाते, डायमंडबॅकची थेट तोंडाला मिळते. हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकते. पण जो माणूस ती रेघ कुठे जाते ते बघतोय, तो नको इतका जवळ आहे. या दोघांवर आणि बाकीच्या अकरांवर इथे वापरतात ती औषधं दोनच, एक मेंढीपासून केलेलं, एक घोड्यापासून. दोन्ही सगळ्या रॅटलस्नेकना चालतात.

घराजवळ उपयोगी पडेल एवढी ओळख फार थोडी आहे. अंग जाड, मान बारीक, डोकं रुंद, खवले निस्तेज आणि खरखरीत, मातीवर ठेवलेल्या मळक्या दोरखंडासारखे. शेपटीला कड्या. कड्या नसल्या तर? तर निश्चिंत व्हायचं कारण नाही. कड्या तुटतात. पिल्लाला जन्मतः एकच गोळीएवढा मणी असतो, तो वाजत नाही. नाकपुडी आणि डोळा यांच्या मधे खळगी असते, तिने त्याला अंधारात उंदराच्या अंगची ऊब दिसते. आपल्याकडे झाडावर बसणारा हिरवा चापडा याच खळगीवाल्या कुळातला. फुरसं आणि घोणस लांबचे चुलत.

आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याच्या टेबलावर रॅटलस्नेकच्या शेपटीचा वाळलेला तुकडा आहे, सात कड्यांचा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं आत बिया असतील, खुळखुळ्यासारख्या. काही नसतं. आपल्या नखांच्याच द्रव्याची एकात एक अडकवलेली पोकळ कवचं. पावट्याच्या वाळल्या शेंगेइतकं वजन. मी हलवून पाहिलं तर जेमतेम चुरचुर झाली. जिवंत साप तेच सेकंदाला पन्नासच्या वर वेळा हलवतो, म्हणून फोनवर मला ते यंत्र वाटलं. कड्या मोजून वय काढतात ही इथली लाडकी समजूत. दर कातीला एक कडी वाढते, कात वर्षातून दोन-तीनदाही टाकली जाते, आणि जुन्या कड्या गळतात. वय कसलं निघणार? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की आपण जवळ गेलो की साप वाजवण्याची गती अचानक वाढवतो, आणि ऐकणाऱ्याला तो आहे त्याहून जवळ आल्यासारखा भासतो. हेडफोनमध्ये आवाज एकदम चढला होता, तो असा. त्या गृहस्थांना तो भास झाला असता तर बरं होतं. ते पुढे गेले.

नेहमी फसवणारा म्हणजे गोफर साप. बिनविषारी. पण डोकं चपटं करतो, फुसफुसतो, पाचोळ्यात शेपटी थरथरवतो, हुबेहूब नाटक. आपल्याकडे धामणीला नाग समजून मारतात तसा इथे हा फावड्याखाली जातो. आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा किंगस्नेक मेला की माझा जीव हळहळतो, कारण तो रॅटलस्नेकलाच खातो. त्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. एका बाईंनी तर घाबरून ठिबकाच्या काळ्या नळीचा फोटो पाठवला होता. "हलत नाहीये, बहुतेक झोपलाय," असं खाली लिहून. मी त्यांना हसले नाही. नळी समजून सापाला हात घालण्यापेक्षा साप समजून नळीला घाबरलेलं परवडतं.

चावलेल्या लोकांशी इतकी वर्षं बोलून माझ्या डोक्यात जे उरलंय ते जागांची यादी म्हणून नाही, हातांची हालचाल म्हणून. नळाच्या मागे चाचपडणारा हात. ठिबकच्या व्हॉल्व्हचं हिरवं झाकण छिद्रात बोट घालून उचलणारा हात. बार्बेक्यूचं कव्हर ओढणारा, कुंडीचा काठ धरून सरकवणारा, गॅरेजमध्ये खोक्यामागे पडलेला स्क्रू शोधणारा हात. आणि रात्री कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघालेला, सपातांतला पाय. साप माणसाच्या मागे लागत नाही. तो बसलेला असतो आणि आपण त्याच्यावर जातो. हल्ल्याची त्याची पोच अंगाच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. चार फुटांचा असेल तर दोन फूट. सहा-सात फुटांवर उभं राहिलं तर काही होत नाही, तो कंटाळून निघून जातो. याच्या पलीकडचे जे चावे होतात, ते बहुतेक हाताला, आणि त्या फोनमध्ये पार्श्वभूमीला मित्र हसत असतात आणि बियरचे कॅन वाजत असतात. त्यांच्यासाठी कुठलाही सल्ला मी अजून शोधू शकले नाही.

घर सापापासून बंद करायचं तर ते उंदरापासून बंद करावं लागतं. हेही आजीला ठाऊक होतं, कणगीखाली तिने कधी अडगळ साठू दिली नाही. इथले लोक पक्ष्यांना दाणे टाकतात, दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांवर साप. पॅकरॅट नावाचा उंदीर काटक्या, निवडुंगाचे काटे, चमचे, काहीही ओढून कोपऱ्यात ढीग रचतो. असा ढीग घराला लागून असला म्हणजे भाडेकरू ठेवल्यासारखंच. गॅरेजच्या दाराखाली बोटभर फट असली तरी पिल्लू आत येतं. कुंपणाच्या गजांना खाली पाव इंची तारेची जाळी मारतात, तीन फूट उंच, थोडी मातीत पुरून. अर्धा इंची चालत नाही. बाजारात साप पळवणारी पावडर मिळते. मला तिचा उपयोग होताना दिसलेला नाही. पैसे टॉर्चवर घालावेत.

चावल्यावर काय करायचं नाही, हे सांगण्यातच माझा निम्मा वेळ जातो. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. सिनेमांनी हे सगळं दोन खंडांत सारखंच शिकवून ठेवलंय. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी उतरवायच्या, कारण सूज तासाभरात त्यांना गिळते. शांत बसायचं आणि ९११. साप मारून आणायचा तर मुळीच नाही. २०१८ मध्ये टेक्ससमध्ये एकाने रॅटलस्नेकचं डोकं फावड्याने उडवलं आणि मग तुकडे उचलायला गेला. तुटलेलं डोकं चावलं. त्याला औषधाचे २६ डोस लागले. तुटल्यानंतर तासभर तरी जबडा मिटू शकतो. डालड्याचा डबा मांडीवर घेतलेली ती नववीतली मुलगी मला अशा वेळी आठवते, आणि ती सुतळीही.

हॉस्पिटलातून डॉक्टर आम्हाला फोन करतात तेव्हा सुरुवात पेनाने होते. सूज जिथवर आलीय तिथे कातडीवर रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. अर्ध्या तासाने पुन्हा. रेघा वर सरकत जातात, घोट्यावरून पोटरीकडे, भरतीच्या पाण्याच्या खुणांसारख्या. त्या थांबल्या की औषध लागू पडलं. औषधाचा डोस माणसाच्या वजनावर ठरत नाही, विषावर ठरतो, म्हणून दोन वर्षांच्या पोरीला आणि सहाफुटी बापाला तेवढ्याच वायल. एका वायलची किंमत हजारो डॉलर, आणि सुरुवातच चार-सहा किंवा दहा वायलने होते. काही चावे कोरडे निघतात, विष उतरतच नाही, पण ते काही तास थांबल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे "बहुतेक कोरडाच असेल" म्हणून घरी बसणाऱ्याशी मी भांडते.

आणि नंतरच्या दिवसांत आम्ही पुन्हा फोन करतो. याबद्दल कुणी बोलत नाही. रॅटलस्नेकच्या चाव्यात रक्त सुधारतं, माणूस घरी जातो, आणि दोन-तीन दिवसांनी औषधाचा जोर ओसरला की रक्तातल्या प्लेटलेट पुन्हा घसरू शकतात. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी एकदा आणि पाच-सात दिवसांनी एकदा रक्त तपासायला या, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, दात काढून घेऊ नका, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि पलीकडून एकच उत्तर येतं, "मी बरा आहे." त्या पहिल्या बाईंना मीच फोन केले, तीन वेळा. शेवटच्या वेळी त्या म्हणाल्या की पाय ठीक आहे, पण नवऱ्याने ती जीन्स धुवायला दिलेली नाही, खुंटीला टांगून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि मरतात साधारण पाच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. सापांत फरक आहे, मान्य. पण मला दिसतात त्या दुसऱ्याच गोष्टी. जीप मिळायला लागलेला वेळ, उताऱ्यात गेलेला तास, अनवाणी पाय, जमिनीवर अंथरलेली चटई. इथे माणूस बुटांत असतो आणि अ‍ॅम्ब्युलन्स वाटेत असते. साप दोन्हीकडे आपापलं कामच करत असतो.

तीन वर्षांपूर्वी आई इथे राहायला आली, जून ते सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या अंगणात फेरी मारली. खडी, निवडुंग, भिंतीकडेला माझ्या सहा कुंड्या. कुंड्यांसमोर उभी राहून म्हणाली, "या भिंतीला का चिकटवल्यास? मागे काय बसलंय ते दिसतं तरी का?" लाखो वेळा हेच मी फोनवर लोकांना सांगितलेलं. हलवू म्हटलं, राहून गेलं.

जुलैत इथे पावसाळी वारं सुटतं, संध्याकाळी धुळीचं वादळ आणि मग दहा मिनिटं मुसळधार. अशाच एका पावसानंतर ठिबकचा पंप थांबेना. मी घाईत बाहेर गेले, पायात चप्पल, दिवा लावला नाही. कुंडीच्या पलीकडे व्हॉल्व्हचं झाकण आहे. वाकले, छिद्रात बोट घालणार.

"अगो, हात काढ!"

आई पायरीवर उभी होती, टॉर्च घेऊन. तिने साप म्हटलं नाही. अंधार पडला होता ना. मी हात काढला आणि मागे आले, दोन पावलं, तीन. टॉर्चच्या उजेडात कुंडीखालची मातीची बशी दिसली, आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी बशी. दुसरी बशी श्वास घेत होती. माझ्या हातापासून दीड हातावर. वाजला नाही, फुसफुसला नाही, अकरा वर्षं जो ऐकायला शिकले तो आवाज त्याने काढलाच नाही. पुष्कळदा काढत नाहीत. न हललं की आपण दिसत नाही, हे त्याचं जुनं धोरण, आणि बहुतेक वेळा ते चालतंच.

आमच्या भागात अग्निशमन दलाचे लोक येऊन साप नेतात. दोन पोरं आली, लांब चिमटा आणि फिरकीच्या झाकणाची बादली घेऊन. तोवर आई पायरीवरून हलली नाही, टॉर्चचा झोत त्या बशीवर धरून. नजर काढली की तो कुठे गेला ते कळणार नाही आणि मग रात्रभर झोप नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पोराने एका झटक्यात त्याला उचलून बादलीत सोडलं. झाकण फिरवल्यावर मात्र तो वाजायला लागला आणि गाडीपर्यंत बादली घर्र्र करत गेली. फार लांब नेत नाहीत, ओढ्यापलीकडच्या रानात सोडतात. साप आपल्या इलाख्याचा जाणकार असतो. दूर नेऊन सोडलेले बिचारे भटकतात आणि त्यातले बरेच मरतात.

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. काचेला नाक लावून सगळं बघत होता. आत आल्याबरोबर विचारलं, "डायमंडबॅक होता की मोहावी?"

मी शेपटी पाहिलीच नव्हती. ती वेटोळ्याखाली होती, आणि उचलला तेव्हा मी बघत होते आईच्या हाताकडे. टॉर्च धरलेला तो हात आता थरथरत होता.

सकाळी उठले तर सहाही कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ओढलेल्या. सत्तरीतल्या बाईने एकटीने कशा ओढल्या कोण जाणे. मागच्या दाराशी मेस्कीटची एक वाळकी फांदी उभी करून ठेवली होती, साल सोलून, गावच्या मागील दाराला असते तशी. बाहेर पडताना ती हातात घ्यायची, पुढे जमिनीवर आपटत जायचं, आणि काठी जिथे गेली नाही तिथे हात घालायचा नाही.

आई सप्टेंबरात परत गेली. काठी अजून दाराशी आहे. दर मंगळवारी रात्री मुलगा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघतो तेव्हा ती बरोबर घेतो, खडीवर ठकठक करत जातो. दिवा लावायला विसरतो. मी ऑफिसात असले तर फोन करून विचारते.